फॉस्फरसच्या रकान्यात नेमकं काय आहे?

प्रश्न: आम्ही तिघं मिळून शेती व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर तयार करतोय. ट्रॅक्टरच्या मॉनिटरवरच्या फायली, माती परीक्षणाचे अहवाल आणि शेतकऱ्यांच्या एक्सेलमधल्या नोंदी, सगळं एकत्र आणायचं आहे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकदा स्वीकारलं की हा घोळ मिटेल, असं एखादं मानक आहे का?

उत्तर: नाही, आणि त्याची वाट बघत बसू नका. तुमच्या तीन बाजूंपैकी ट्रॅक्टरची बाजू त्यातल्या त्यात मार्गी लागलेली आहे. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यातला संवाद आयएसओ ११७८३, म्हणजे आयसोबस, या मानकानं चालतो. कामाची फाइल एक्सएमएल या खुणा लावलेल्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये मिळते, प्रत्येक मोजमापाला ठरलेला क्रमांक असतो. फक्त एककं बघून घ्या. खताची मात्रा तिथे चौरस मीटरला मिलिग्रॅममध्ये असते, त्यामुळे हेक्टरी १२० किलो खत फाइलमध्ये १२००० दिसेल. दचकू नका. कंपन्यांचे स्वतःचे फॉरमॅट वाचण्यासाठी अ‍ॅगगेटवे या शेती-उद्योगातल्या संस्थेचं ‘अ‍ॅडाप्ट’ हे मुक्त स्रोत साधन आधी वापरून पाहा. प्रत्येक फॉरमॅटसाठी स्वतः कोड लिहायचा उत्साह फार तर दुसऱ्या कंपनीपर्यंत टिकतो.

खरी मेख आहे ती मातीच्या अहवालात. असा अहवाल हातात आला की मी आकडे शेवटी बघते, आधी रकान्याचं शीर्षक. ‘पी’ लिहिलंय खरं, पण तो नुसता फॉस्फरस की पी२ओ५, म्हणजे त्याचं ऑक्साइड? शंभर किलो पी२ओ५मध्ये फॉस्फरस भरतो ४३.६ किलो. एकाच्या जागी दुसरा गेला की हिशेब सव्वादोन पटींहून जास्त चुकतो आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही आकडे दिसायला सारखेच शहाणे. पालाशचंही तेच: शंभर किलो के२ओमध्ये, म्हणजे पोटॅशियमच्या ऑक्साइडमध्ये, पोटॅशियम ८३ किलो. इथे निदान गुणाकारानं सुटका होते. तपासणीच्या पद्धतीचं तसं नाही. उपलब्ध फॉस्फरस ओल्सेन पद्धतीनं काढला की ब्रे पद्धतीनं? मातीतून फॉस्फरस काढायची दोन्हींची द्रावणं वेगळी, आणि एकाचा आकडा दुसऱ्यात बदलायला सगळीकडे चालेल असा गुणक नाही. म्हणून आकड्याशेजारी रूप, एकक, पद्धत आणि नमुन्याची खोली हे रकाने सक्तीचे करा. वापरणारे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

एक्सेलमध्ये पिकांची नावं नाना तऱ्हांनी येणारच. आलेलं नाव तसंच ठेवून शेजारी ईपीपीओचा, म्हणजे युरोप-भूमध्य भागातल्या वनस्पती संरक्षण संघटनेचा, संकेतांक लिहा: गव्हाला टीआरझेडएएक्स, मक्याला झेडईएएमएक्स. वाणाला वेगळा रकाना. उत्पादनासोबत ओलावा हवाच. २० टक्के ओलाव्याचं १० टन धान्य १४ टक्क्यांवर आणलं की ९.३ टन भरतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. शेताची हद्द जिओजेसन या नकाशाच्या फॉरमॅटमध्ये ठेवाल तर आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं झालं की शेत भलतीकडेच जाऊन पडतं.

शेताची ओळख नावावर ठेवू नका. बांध सरकतात, तुकडे पडतात, दोन शेतं एक होतात. हद्द बदलली की नवा क्रमांक द्या, जुन्याला ‘इथपर्यंत वैध’ अशी तारीख लावा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, रूपांतर दुसऱ्या तक्त्यात करायचं. आणि रिकाम्या रकान्यात आपोआप शून्य भरणारा कोड असेल तर तो आजच काढा. ‘खत दिलं नाही’ आणि ‘नोंद केली नाही’ ही एकदा एकमेकांत मिसळली की पुढच्या हंगामात ती कोणालाच वेगळी काढता येत नाहीत.