थंडीत गोबरगॅस मंदावतो तो का?

प्रश्न : चार म्हशी, 2 घनमीटरचा गोबरगॅस. डिसेंबरपासून शेगडी फुरफुरते, गॅसही पुरत नाही. शिवाय हा गॅस जाळून हवा तापत नाही का? – वाचक, करवीर

उत्तर : रोज 50 किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी पडतं का, ते आधी मोजा. मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू 30 ते 35 अंशांना जोमात असतात, 20 च्या खाली सुस्तावतात. म्हणून शेण उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. फिनेल टाकून गोठा धुतलेलं पाणी आत अजिबात सोडू नका, जिवाणू मरतात.

ज्योत फुरफुरते ती पाइपात साठलेल्या पाण्यामुळे. सर्वांत खालच्या वळणावरची तोटी उघडून ते काढा.

गॅस जळून निघणारा कार्बन वैरणीने नुकताच हवेतून घेतलेला असतो. कोळशातला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. म्हणून गोबरगॅस जाळल्याने हवेत नव्या कार्बनची भर पडत नाही. न जळता सुटलेला मिथेन मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. त्यामुळे दर महिन्याला प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला की तिथे गळती आहे, ती त्याच दिवशी बंद करा.