भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला का?

प्रश्न : वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चाकरमान्याने एका समाजाचं नाव घेऊन ‘यांच्याकडून म्हावरा घेऊ नका, वाडीत पाय ठेवू देऊ नका’ असा मेसेज टाकला. ॲडमिन म्हणून मी अडकेन का? – दापोली

उत्तर : घाबरू नका, पण गप्पही बसू नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराची फौजदारी जबाबदारी, दोघांचं आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिनवर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. मजकूर मात्र गंभीर आहे. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून समाजासमाजांत वैर वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे (जुन्या भारतीय दंड संहितेतलं १५३ अ). शिक्षा तीन वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळात केला तर पाच. ‘मी लिहिलं नाही, नुसतं पुढे पाठवलं’ या सबबीवर कुणी विसंबू नये. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज काढा, त्या सदस्यालाही काढा आणि का काढलं ते ग्रुपवर दोन ओळींत लिहा.

असा मेसेज फिरल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. रोज सकाळी ज्या दारात म्हावरेवालीची पाटी उतरायची, तिथे त्या दिवशी कुणी बाहेरच आलं नाही. बांगड्यांवरचा बर्फ वितळून पाणी तिच्या खांद्यावर गळत होतं, आणि ती पाटी तशीच उचलून परत गेली. कायदा आहे तो तिच्यासाठी.

प्रश्न : शिमग्यात नमनाच्या वगात आम्ही सरपंचांची आणि रखडलेल्या पाखाडीची (वाडीतल्या दगडी पायवाटेची) टिंगल केली. ‘भावना दुखावल्या’ म्हणून ते गुन्हा नोंदवायची धमकी देतात. – संगमेश्वर

उत्तर : सरपंच म्हणजे समाज नव्हे आणि पाखाडी म्हणजे धर्म नव्हे. कलम १९६ लागू व्हायला निदान दोन समाज गुंतलेले असावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाबद्दल १९९७ सालीच सांगितलं. धार्मिक भावनांचं कलम २९९ सुद्धा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतंच आहे. सरपंचांना वाटलं तर बदनामीची खासगी फिर्याद करावी. सार्वजनिक कामावर सद्‌हेतूने केलेल्या टीकेला तिथेही अपवाद आहे. वग बिनधास्त करा.

एक गोष्ट मात्र तपासा. कुणा दलित किंवा आदिवासी माणसाला जातीवरून हिणवणारं वाक्य वगात असेल तर ते आजच काढा. ॲट्रॉसिटीचा कायदा वेगळा आहे, आणि ‘शिमग्याला सगळं चालतं’ हे तिथे चालत नाही.

प्रश्न : हे वैर वाढवण्याचं कलम इंग्रजांचंच ना? मग ठेवलं कशाला? – रत्नागिरी

उत्तर : हो. तुमच्याच गावी जन्मलेल्या टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला आणि पुढच्याच वर्षी १५३ अ आलं. मूळ संशयास्पद आहे, हे मान्य. पण म्हावरेवालीला दुसरं कुठलं कलम वाचवणार, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : राजकारणावर पोस्ट टाकायची भीती वाटते. उचलून नेतील का? – पालघर

उत्तर : तुमच्या गावाला ही भीती ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिणारी तरुणी आणि ती पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यातूनच कायद्याच्या विद्यार्थिनी श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६ अ रद्द केलं. मत मांडणं वेगळं, मताचा आग्रह धरणं वेगळं आणि चिथावणी वेगळी. चिथावणीपर्यंत गेल्यावरच बंधन घालता येतं, हा त्या निकालाचा गाभा. शब्दांचा परिणाम मोजताना कणखर, समंजस माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणारा नव्हे, हेही न्यायालयाने वारंवार बजावलंय. ३७० कलमाबद्दल व्हॉट्सॲप स्टेटस ठेवणाऱ्या कोल्हापूरच्या प्राध्यापकावरचा गुन्हा २०२४ मध्ये याच मापाने रद्द झाला.

तरी पोलीस बोलावू शकतात. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत हीच वाट धरणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. नोटीस आली तर हजर राहा, वकील सोबत न्या. आणि पोस्ट घाईघाईने पुसू नका. नेमके शब्द काय होते, हाच तुमचा बचाव असतो.