जर्मनीत खोली घेताय? पैसे देण्याआधी हे बघा

प्रवेश पक्का झाला की लगेच श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) वसतिगृहाला अर्ज टाका, रांग लांब असते. बाहेर बघताना ‘काल्टमीटं’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी धरून ‘वार्ममीटं’. हिशोब त्यावरच करा. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटंपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला कायद्यानेच आहे. “मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल” म्हणणारा हमखास ठग.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. तो मिळणार का, हे आधीच विचारा. किल्ली घेतानाच भिंतीवरचे ओरखडे, सिंकखालची ओल, मीटरचे आकडे यांचे फोटो काढा. नाहीतर आधीच्या नुकसानीचे पैसेही तुमच्या अनामतीतून कापले जाऊ शकतात.