नवीन डेंटल क्लिनिक टाकतोय, मान-पाठ वाचवायची असेल तर कुठली चेअर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की भांडुपला छोटा गाळा घेतलाय, इंटर्नशिपपासूनच मान आखडते, करंगळीला मुंग्या येतात, आणि डीलर म्हणतो वरच्या मॉडेलची चेअर घ्या म्हणजे त्रास होणार नाही. डीलर म्हणणारच, त्याचं मार्जिन चेअरवर असतं. माझं क्लिनिक मुलुंडला आहे, मी तरी सांगेन चेअर साधी घ्या, पण तुम्ही स्वतः कशावर बसणार आणि कशातून बघणार तिथे हात आखडता घेऊ नका.

कारण आपण वाकतो ते नीट दिसत नाही म्हणून. वरच्या सेकंड मोलरची, म्हणजे मागून दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची, मागची कॅव्हिटी बघायला आधी डोकं खाली जातं, मग मान वळते, मग डावा खांदा वर येतो, आणि मग ते सगळं तसंच धरून आपण अर्धा तास आरसीटी (रूट कॅनल) करतो. मान साधारण २० डिग्रीच्या पुढे झुकू नये म्हणतात, स्वतःचा बाजूने एक व्हिडिओ काढून बघा, कुठल्या कुठे गेलेली असते!

म्हणून पहिले लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं. जनरल प्रॅक्टिसला २.५ एक्स, म्हणजे अडीचपट मोठं दाखवणारं, पुरतं, हलकं असतं आणि दिसणारा भागही मोठा, ३.५ च्या वर गेलात की प्रिझमवालं येतं, जड होतं, नाकावर रुततं. पण एक्सच्या आकड्यापेक्षा डिक्लिनेशन अँगल विचारा, म्हणजे डोकं जवळपास सरळ ठेवून नजर किती खाली जाते ते. प्रिझमने नजर वळवणारे एर्गो लूप्सही मिळतात, त्यात मान जवळजवळ वाकवावी लागत नाही, फक्त महाग आहेत आणि सवय व्हायला वेळ लागतो. आणि माप एक्स्पोच्या स्टॉलवर उभ्या उभ्या देऊ नका. काचेतच बसवलेलं लूप असेल तर डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर नंतर बदलत नाही, तुम्ही वाकून माप दिलंत तर लूप तुम्हाला रोज तितकंच वाकवणार. स्टूलवर ताठ बसून, कोपर अंगालगत ठेवून, समोर कुणाला तरी झोपवून मगच माप द्या.

दुसरं स्टूल. सॅडल स्टूलवर, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं, मांड्या खाली उतरतात, कंबर गुडघ्यांच्या वर राहते त्यामुळे कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. सुरुवातीला बूड दुखतं, दुखू दे. तुमची उंची कमी असेल तर स्टूलचा छोटा सिलेंडर मागून घ्या, नाहीतर पाय लोंबकळतात. एक मात्र आहे, सॅडलवर तुम्ही उंच बसता म्हणजे पेशंटही उंच हवा, तेव्हा चेअर किती वर जाते ते बघून घ्या. असिस्टंटचं स्टूल तुमच्यापेक्षा १०-१५ सेंटीमीटर उंच लागतं, ते बिचारीला सगळे प्लॅस्टिकचं देतात.

आता चेअर. शोरूममध्ये टीव्ही, मसाज, सोळा रंगांचं रेक्झिन दाखवतील, तुम्ही मित्राला आडवा करा आणि त्याच्या डोक्यामागे बाराच्या पोझिशनला (पेशंटचं तोंड घड्याळ धरलं तर डोक्याच्या थेट मागे बारा, उजव्या बाजूला नऊ) बसून बघा की गुडघे बॅकरेस्टखाली जातात का. बॅकरेस्ट जाड असली की जात नाहीत, मग लांबून हात घालत बसायचं. हेडरेस्ट दोन ठिकाणी वाकणारा हवा, वरच्या जबड्याला हनुवटी वर, खालच्याला खाली. मुंबईच्या गाळ्यात सगळ्यात मोठी गोची म्हणजे चेअरचं डोकं भिंतीला चिकटवतात, मग बाराची पोझिशनच राहत नाही आणि जन्मभर नऊला बसून तिरकं काम! प्लंबिंगचा पॉइंट काढण्याआधीच जमिनीवर खडूने चेअर आखा आणि मागे स्टूल फिरवून बघा. हवं तर रिसेप्शन लहान करा.

पेशंट आडवा व्हायला तयार नसतो ते वेगळंच. "डॉक्टर, जरा वर घ्या ना, चक्कर येते" म्हणणाऱ्या आजी रोज एक तरी येतात. ज्यांना खरंच स्पाँडिलायटिस किंवा दम्याचा त्रास आहे त्यांचं उभं राहून करा, बाकीच्यांना मानेखाली छोटी उशी द्या, ऐकतात.

एअरोटरची (दात कोरायच्या ड्रिलची) नळी गुंडाळीची घेऊ नका, सारखी मनगट ओढते. हँड स्केलरचं (दातांवरची कीटणं काढायच्या हत्याराचं) हँडल १० मिलिमीटरच्या आसपास जाड आणि वजनाला हलकं घ्या, अंगठ्याला फरक कळतो. फूट कंट्रोल पायाजवळ ओढून घ्या, नाहीतर एका कुल्ल्यावर बसायची सवय लागते. बजेट संपलंच तर मिरर बघून काम करायची सवय लावा, ती फुकट आहे.

पण करंगळीच्या मुंग्यांचं मात्र लांबवू नका. ते मानेतून येतंय की कोपरातून हे ऑर्थोपेडिककडून, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडून, आधी बघून घ्या, लूप्सची ऑर्डर त्यानंतर.