वाट विचारा : रंकाळ्याएवढ्या उंचीचा डोंगर

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगा एडिंबराला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं पंधरा दिवस त्याच्याकडे जातोय. स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड भागात समुद्राजवळ 'स्टॅक पॉली' नावाचा डोंगर आहे, तिथं न्यायचं त्यानं ठरवलंय. उंची ६१२ मीटर. मी ५६ वर्षांची, हे ६१. दर रविवारी जोतिबा चढतो, पन्हाळा ते पावनखिंड दोनदा झालंय. हे म्हणतात, "सहाशे मीटर म्हणजे काय, चहा निवायच्या आत खाली येऊ." खरंच तेवढं सोपं आहे का? गाईड, तिकीट लागतं का? खायला काय न्यावं?
— एक वाचक भगिनी, कसबा बावडा

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांना आधी एक सांगा. आपण रंकाळ्यावर भेळ खात बसतो ना, तीच जागा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे स्टॅक पॉलीचा माथा आपल्या रंकाळ्याहून जेमतेम साठ मीटर उंच. लेक-जावयाबरोबर मी तिथं गेले, तेव्हा माझ्याही डोक्यात हेच गणित होतं आणि तिथंच मी फसले. आपलं कोल्हापूर मुळातच पठारावर बसलेलं. तिथं गाडी लावायची जागा लॉक लर्गन नावाच्या तळ्याकाठी, जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. त्यामुळे पाचशेहून जास्त मीटरची चढण आपल्या पायांनीच करायची. तीसुद्धा छोट्या वाटेत; सगळी फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास. जोतिबा चढणाऱ्या पायांना ती झेपेल, पण तीन-चार तास हाताशी ठेवा.

तिकीट नाही, गाईडची सक्ती नाही. तिथल्या २००३ च्या कायद्यानं डोंगरावर, माळावर जबाबदारीनं फिरण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्यायचं, एवढं पाळा. पाटीवर स्पेलिंग गेलिक भाषेतलं असतं, 'पोल्लाइध' असं वाचून चुकीच्या जागी आलो म्हणून परत फिरू नका.

आता वाट. रस्ता ओलांडला की फाटक, मग बर्चची झुडपं, मग वाट फुटते. तुम्ही उजवीकडची धरा. डोंगर समोर काट्यांच्या साळिंदरासारखा उभा असतो आणि सरळ वर घुसावंसं वाटतं. तसं करू नका. समोरची दक्षिणेकडची बाजू लोकांच्या पायांनी पार खचली होती, म्हणून मुद्दाम दगड रचून पूर्वेकडून वळसा घालणारी वाट बांधलीय. त्या पायऱ्या बघून मला आपल्याकडचे जुने पाथरवट आठवले. वाट मागच्या, उत्तरेच्या अंगाला जाते आणि तिथून खिंडीवर चढते.

मागच्या बाजूला पोचलात की थांबा. मी भूगोल शिकवला तीस वर्षं, पण तिथं मला खडू सापडेना. खाली सगळा प्रदेश राखाडी, खडबडीत, मध्ये मध्ये पाण्याची तळी. तो नीस खडक जवळपास ३०० कोटी वर्षांपर्यंतचा जुना. त्याच्यावर सुटे सुटे उभे असलेले तांबूस डोंगर, स्टॅक पॉली, पलीकडे सुईल्व्हन, हे वालुकाश्माचे, १०० कोटी वर्षांचे. आपल्या पन्हाळ्याच्या जांभ्याखालचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा. तिथं तो नातवंडांत बसेल. एके काळी हे सगळं सलग पठार होतं. झिजून झिजून एवढेच तुकडे उरले. हिमयुगात स्टॅक पॉलीचा कणा बर्फाच्या वर डोकं काढून होता, त्यामुळे घासून गुळगुळीत होण्याऐवजी थंडीनं तडकत राहिला आणि त्याचे असे सुळके झाले.

खिंडीवर पोचलात की पश्चिमेला समुद्र आणि त्यात समर आइल्स नावाची बेटं विखुरलेली दिसतात. तिथपर्यंत तुम्ही दोघं आरामात जाल. पण ६१२ मीटरचा खरा माथा पश्चिम टोकाला आहे, आणि तिथं पोचायला कण्यावरून हात-पाय दोन्ही वापरत जावं लागतं. शेवटाकडे एक अडचणीचा दगड येतो. दगड मोठा नाही, पण दोन्ही बाजूंना खाली काही नाही. जावई चढला, पलीकडे गेला, हात हलवून आला. मी दगडावर हात ठेवला, खाली बघितलं आणि म्हटलं, "बाबा, माझा माथा इथंच." मी तिथला माथा गाठलेला नाही, हे सदर लिहिताना लपवायचं कशाला? यजमान हट्ट धरतील. धरू द्या, पण दगड ओला असेल तर त्यांची पिशवी तुमच्याकडे घेऊन खिंडीत बसा. पिशवीशिवाय माणूस लांब जात नाही, हा माझा घरचा अनुभव आहे.

हवेचं सांगते. जूनमध्ये तिथं दुपारी जे तापमान असतं, ते आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेचं. वर वारा. पावनखिंडीच्या मोहिमेत आपण घालतो तो गुडघ्यापर्यंतचा सैल रेनकोट मी नेला होता. खिंडीत वारा आत शिरला आणि मी पतंग झाले. लेकीनं मागून धरून ठेवलं. तेव्हा जॅकेट आणि पँट असा वेगळा, अंगाबरोबर बसणारा रेनसूट घ्या. छत्री घरीच. आत सुती टी-शर्ट नको, घामानं भिजला की अंगावर गार होतो. कानटोपी जूनमध्येही लागते, हसू नका.

वारा पडला की दुसरा त्रास. मिज म्हणून चिलटांसारखे किडे तिथं उन्हाळाभर असतात, चावतात, आणि ढगाळ, निवांत संध्याकाळी ढगासारखे येतात. चेहऱ्यावर घ्यायची जाळी मुलाला आधीच आणून ठेवायला सांगा. उजेडाची मात्र चिंता नको. त्या दिवसांत सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो, सकाळ पावसात गेली तर दुपारी तीनला निघालात तरी चालतं.

खाण्याचं : वर ताक नाही, कणीस नाही, पिठलं-भाकरी नाही. जवळचं बऱ्यापैकी गाव म्हणजे उल्लापूल. (नाव ऐकून आमच्या वर्गात हशा झाला असता.) कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या उत्तम. पेढे आणि खवा मात्र बॅगेत भरू नका, मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिथं नेता येत नाहीत. लेकीसाठी नेलेल्या पेढ्यांचं काय झालं, ते विचारू नका.

काही बिनसलंच तर ९९९ लावून पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगायचं. मोबाईलला रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून कुठं जातोय, किती वाजता परत येणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

सरावासाठी जोतिबा नको, त्याच्या पायऱ्या तुम्हाला पाठ झाल्यात. जायच्या आधी पाऊस सुरू झाला तर मसाई पठारावर जा. धुकं, आडवा पाऊस, पायाखाली चिखल; स्कॉटलंडची हवा तिथंच कळेल. पाऊस नसेल तर रेनसूट अंगावर घालून जिना चढा. शेजारी बघतील, बघू देत.

प्रश्न : बाई, मी ग्लासगोला शिकायला चाललोय. स्टॅक पॉलीवर कोल्हापुरी चप्पल घालून फोटो काढायचाय. चालेल का?
— एक विद्यार्थी, शिवाजी पेठ

उत्तर : फोटो काढ, पण घालून चढू नको. वाटेत पाणथळ जमीन आहे आणि चामडं भिजलं की फुगतं, तळ सुटतो. चप्पल लाइनीत कुणालाही विचार. बूट घालून खिंडीपर्यंत जा, चप्पल पिशवीतून ने, कोरडा दगड बघून त्यावर घाल आणि फोटो काढून लगेच बदल. पायमोजे काढतानाच काय ती थंडी वाजेल.