‘अपडेट यशस्वी’ दिसतं, पण बाहेरून काहीच उघडत नाही

प्रश्न : घरातल्या स्टोरेजवरच्या फाइल बाहेरून बघता याव्यात म्हणून राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस (घरचा बदलता आयपी पत्ता एका ठरलेल्या नावाशी जोडून ठेवणारी सेवा) चालू केलं. होस्टनेम, युजरनेम, पासवर्ड सगळं भरलं. राउटर ‘अपडेट यशस्वी’ म्हणतो. पोर्ट फॉरवर्डिंगही (ठरावीक पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, बाहेरून आलेली जोडणी स्टोरेजकडे वळवणं) केलंय. तरी बाहेरून काहीच उघडत नाही. नाव कुठल्या आयपीवर जातं ते तपासलं, तर 100.72 ने सुरू होणारा पत्ता आला. डीएनएस सेवा बदलून पाहू का?

उत्तर : सेवा बदलू नका, ती आपलं काम चोख करते आहे. पत्त्याचे पहिले दोन आकडे कळवलेत हे फार बरं केलंत, दुखणं तिथंच आहे.

100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 साली इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही4 चे (जुन्या पद्धतीचे) पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी बऱ्याच ग्राहकांत मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरते आणि प्रत्येकाच्या राउटरला असा आतला पत्ता देते. यालाच सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरने स्वतःचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) जसाच्या तसा कळवला, पण त्या पत्त्यावर बाहेरून कुणालाच पोहोचता येत नाही.

बऱ्याच राउटरमध्ये ‘बाहेरच्या वेबसाइटला विचारून आयपी घ्या’ असा पर्याय असतो. तो निवडलात तर नावापुढे खराखुरा सार्वजनिक पत्ता दिसेल आणि काम झाल्यासारखं वाटेल. त्यात अडकू नका. तो पत्ता सामायिक आहे, त्यावरचे पोर्ट कंपनीच्या हातात आहेत. वॅन आयपी 192.168 ने (म्हणजे घरगुती जाळ्यातल्या पत्त्याने) सुरू होत असेल आणि पुढे कंपनीचा मोडेम असेल, तेव्हा मात्र हा पर्याय कामाचा. पण मग पोर्ट फॉरवर्डिंग दोन्हीकडे करावं लागतं, किंवा मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकावा लागतो, म्हणजे तो जोडणी फक्त पुढे देतो आणि कंपनीचा पत्ता थेट राउटरला मिळतो. मी ब्रिज मोडच सुचवेन.

आता तुमचं. आधी कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. तो स्थिर नसला तरी चालेल, बदलत्या पत्त्यासाठीच तर डायनॅमिक डीएनएस आहे. तो मिळत नसेल आणि जोडणीत आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) असेल, तर तो रस्ता चांगला आहे, पण तिथं एक मोठा फरक पडतो. आयपीव्ही6 मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो. राउटरने आपला पत्ता कळवून भागत नाही, स्टोरेजचा पत्ता ‘क्वाड-ए’ नोंदीत (नावापुढे आयपीव्ही6 पत्ता लिहिणारी डीएनएस नोंद) जायला हवा. म्हणून अपडेट करणारा प्रोग्राम स्टोरेजवरच चालवा. फॉरवर्डिंगची गरज उरत नाही, पण राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) त्या उपकरणासाठी आणि त्या पोर्टसाठी परवानगी द्यावी लागते. शिवाय तुम्ही बाहेर ज्या जोडणीवर असाल, तिथंही आयपीव्ही6 हवं.

सार्वजनिक आयपी मिळाला की राउटरमधलंच अपडेट ठेवा. पत्ता बदलल्याचं पहिल्यांदा त्यालाच कळतं. नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) 60 सेकंदांच्या आसपास असू द्या, नाहीतर पत्ता बदलल्यावरही जुनाच आयपी बराच वेळ मिळत राहतो. तपासणी दर काही मिनिटांनी होऊ दे, पण पत्ता बदललेला नसताना पुन्हा पुन्हा अपडेट धाडू नका. काही सेवा अशी खाती बंद करतात. वीज जाऊन आल्यावर अपडेट अडत असेल, तर राउटरचं घड्याळ बघा. पुष्कळ राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते, तारीख मागे जाते आणि एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र अवैध ठरतं. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ लावून घेणं) चालू ठेवलं की हे सुटतं.

आणि कळकळीने सांगते, स्टोरेजचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर उघडू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात, आणि त्या डिस्कवर तुमचे घरचे फोटो, कागदपत्रं असणार. राउटरवर वायरगार्ड (घरच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावा, त्याचा एकच यूडीपी पोर्ट उघडा (सहसा 51820) आणि त्यातून आत या. शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. घरातूनच ते नाव उघडून पाहिलंत, तर पुष्कळ राउटर ती जोडणी परत आत वळवत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही ते बंदच दिसतं.