चीनला निघताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. या ऑक्टोबरात तू एकटी कँटन फेअरला निघाली आहेस आणि तिथून फोशानकडचे बिजागऱ्यांचे कारखाने बघणार आहेस, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. १९५७ पासून ग्वांगचौमध्ये भरणारं हे प्रदर्शन वर्षातून दोनदा, तीन-तीन टप्प्यांत असतं. आपल्या मालाचा टप्पा बघूनच तिकीट काढ. माल आणि मायक्रॉन, म्हणजे मुलाम्याच्या जाडीचं माप, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मी लिहितोय ते बोलण्याबद्दल.

आधी माझी चूक सांगतो. एका कारखान्याकडून आणलेल्या सॉफ्ट-क्लोज, म्हणजे दार हळूच मिटवणाऱ्या, बिजागऱ्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला. मी तडक तिथे गेलो. बैठकीत आठ माणसं होती, मालकही होते. गंजलेल्या बिजागऱ्यांची पिशवी मी टेबलावर रिकामी केली आणि सेल्सच्या बाईंना विचारलं, "हेच का तुमचं काम?" त्या हसल्या. मला वाटलं, या चेष्टा करताहेत. माझा आवाज आणखी चढला. ते हसू ओशाळल्याचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. नंतर महिनाभर एकाही मेलला उत्तर आलं नाही.

पुन्हा गेलो तेव्हा दुभाष्याने मला समजावलं. त्या बाईंना मी एकट्यांना भेटलो, चहा घेतला आणि म्हटलं, "जहाजात दमट हवा लागली असेल, आपण दोघं मिळून शोधू या." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, की प्लेटिंग, म्हणजे गंज रोखणारा धातूचा मुलामा, बाहेरून करून घेतलं होतं आणि थर पातळ बसला होता. बदली माल पुढच्या कंटेनरमधून आला.

चिनी लोक याला 'म्येन-झ' म्हणतात. शब्दाचा अर्थ चेहरा, पण त्यात अब्रू, पत, चारचौघांतला मान सगळं आलं. पाणउतारा आपल्यालाही झोंबतो, त्यामुळे तुला हे परकं वाटणार नाही. तिथे मात्र हाताखालच्या माणसांसमोर ज्याचा चेहरा गेला, तो तुझं काम मनापासून करणं सोडून देतो आणि तसं तुला सांगतही नाही. तक्रार नेहमी एकट्याजवळ कर. कौतुक मात्र त्याच्या मालकासमोर कर.

याच कारणाने तोंडावर 'नाही' सहसा येत नाही. 'येनज्यो येनज्यो', म्हणजे 'अभ्यास करू', असं ऐकलंस की आपलं 'बघू, करू' आठव. 'हाव' म्हणजे 'बरं'. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की तुझं बोलणं ऐकलं. "पंधरा तारखेला माल निघेल ना?" असं विचारशील तर 'हो'च ऐकशील. त्यापेक्षा विचार, किती नग तयार झाले, प्लेटिंगला किती गेले, आजचे फोटो पाठवता का? खरी तारीख त्यातून कळते. चिनी नववर्षाच्या आसपास तर कामगार गावी जातात आणि कारखाने काही आठवडे थंडावतात. तेव्हाच्या वायद्यावर दुकान उघडायची तारीख ठरवू नकोस.

भावाच्या बाबतीत आपली माणसं एक गोष्ट विसरतात. दर हवा तितका दाबता येतो. समोरचा मान डोलावतो आणि पत्रा १.२ मिलिमीटरवरून १ वर येतो. म्हणून दराला हात घालण्याआधी पत्र्याची जाडी, प्लेटिंगचे मायक्रॉन, सॉल्ट स्प्रे टेस्टचे, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज न धरता टिकायचे, तास लिहून घे आणि सही केलेला नमुना दोन्हीकडे ठेव. मग घासाघीस कर, खुशाल कर, त्यांनाही ती आवडते. काही मागशील तेव्हा काही दे: मोठी ऑर्डर, मंदीच्या महिन्यातली डिलिव्हरी, लवकर पैसे. शेवटची थोडी सूट 'लाओबान'साठी, म्हणजे मालकासाठी राखून ठेव. ती स्वतः देण्यात त्याचा मान असतो. आणि समोरचे गप्प बसले की घाबरून आपणच भाव वाढवून बसू नकोस. थांब, चहा पी.

कागदाला तिथे कमी समजू नकोस. करारावर कंपनीचं चिनी नाव हवं, कारण नोंदणी त्याच नावाने असते. कंपनीच्या परवान्यावरचा अक्षरं-आकडे मिळून १८ चिन्हांचा क्रमांक जुळव. आणि लाल गोल शिक्का घे, नुसत्या सहीवर समाधान मानू नकोस. बँक खातं त्याच कंपनीच्या नावावर असावं. खातं बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून आवाज ऐक.

तिथला सगळा व्यवहार वीचॅट या चिनी ॲपवर चालतो. आपल्याकडे त्यावर २०२० च्या जूनपासून बंदी आहे, आणि तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप, जीमेल उघडत नाहीत. संपर्क कशावर ठेवायचा हे निघण्याआधीच ठरव.

जेवणाला बोलावतील. दाराकडे तोंड करून यजमान बसतात आणि मुख्य पाहुण्याला शेजारी बसवतात, म्हणून दाखवतील तिथेच बस. शाकाहारी आहेस हे दोन दिवस आधी कळव. टेबलावर बसल्यावर सांगितलंस तर यजमानाला वाईट वाटतं. 'कानपेइ' म्हणत छोटे पेले उंचावतील. दारू घेत नाहीस हे पहिल्याच पेल्याला सांग आणि चहाचा पेला उचल. चहाने मान राखायची त्यांचीच रीत आहे, आणि चहाला तिथेही 'छा'च म्हणतात. मोठ्या माणसाच्या पेल्याला आपला पेला लावताना जरा खाली धर. अशा वेळी धंदा काढू नकोस. घरचं विचार, गावचं विचार. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा विषय काढ. तिथे त्यांना 'ख तीह्वा' म्हणतात. १९३८ साली गेलेला हा माणूस १९४२ मध्ये तिथेच, जखमी सैनिकांची सेवा करता करता वारला. वयस्कर माणसं त्या नावाने एकदम मोकळी होताना मी पाहिली आहेत.

त्या सेल्सच्या बाई आता त्याच कारखान्याच्या मॅनेजर आहेत. त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याचे काजू बाबांकडे दिले आहेत. दोन्ही हातांनी दे. एकदोनदा नको म्हणतील, तरी पुन्हा पुढे कर. तुझ्यासमोर पुडा उघडणार नाहीत, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. आणि माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका